हॅस्केटची टकटक

गेल्या महिन्यात मला व्हॉट्सअॅपवर एक ध्वनिफीत आली. वर कमळाचं चित्र, खाली ओळ, ‘डोळे मिटा, मन शांत करा’. पाठवणारी माझी मावसबहीण. तिला ती योगाच्या ग्रुपवरून आली होती आणि त्या ग्रुपला आणखी कुठल्या तरी ग्रुपवरून. मी लावली आणि पहिल्याच सुराला ओळखली. एल्मर हॅस्केट नावाच्या अमेरिकन संगीतकाराच्या तिसऱ्या सिंफनीचा तो संथ भाग होता, आणि त्यातला जीव काढून घेतलेला होता. तो कोणी काढला, कशाने काढला आणि त्याबद्दल टाळ्या कशा मिळवल्या, हे मला ठाऊक आहे, कारण मी त्या हॉलमध्ये बसले होते. संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं आहे. ही एक गंमत. हसायचं की नाही ते वाचकांनी ठरवावं.

आधी व्यवसाय सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांच्या रांगेमागे, कीर्तिभाईंचं दुकान आहे. तिथे जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होतात आणि जुन्या रेकॉर्डवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून मिळतो. दुरुस्ती हरेश्वरकडे. हा भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या चौक गावचा, कोळ्याच्या घरातला. बोटींची इंजिनं खोलता खोलता मोटरींचं काम शिकला, आणि घरच्या बोटीवर तीन भावांची हुकमत असल्यामुळे तिघांचे हुकूम ऐकायला नकोत म्हणून आमच्याकडे आला. आवाज उतरवायचं काम माझं.

हे काम घाईचं नाही. फोटो क्षणात स्कॅन होतो, पण रेकॉर्ड जितकी लांब तितका वेळ ती वाजवावीच लागते. आधी धुवायची. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर साबण, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. मग वाळवायची, मग सुई ठेवायची आणि बसायचं. कीर्तिभाईंचा नियम असा, की एकदा ठेवलेली सुई मध्ये उचलायची नाही. ‘दुकानमधी आग लागली तरी नाय,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. सुई चालू असताना फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. कुठे ती अडकली, कुठे उडाली, हे मशीन सांगत नसतं, ते माणसानेच ऐकायचं असतं. त्यासाठी मागे काचेचं दार असलेली एक खोली आहे. भिंतींना जुने गालिचे मारलेत. बाहेर हरेश्वरचं ग्राइंडर चाललं तरी आत कळत नाही, आणि आत प्रलय वाजत असला तरी हरेश्वरला त्याचा पत्ता नसतो.

अशा रीतीने मी इतकी वर्षं कीर्तनं, लग्नाचे बँड, पडलेल्या उमेदवारांची भाषणं आणि मेलेल्या आजोबांचे वाढदिवस हे सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत आले आहे. पगार घेऊन पूर्ण ऐकणारी इथे मी एकटीच असेन. बाकीचे पैसे खर्च करून अर्धवट ऐकतात.

हे उगाच म्हणत नाही. आमच्याकडे एक कॅफेवाला आला होता. त्याला भिंतीवर लावायला रेकॉर्डी हव्या होत्या. गाणी कसलीही चालतील, मधलं लेबल लाल हवं, आणि खिळ्यासाठी वरच्या बाजूला भोक पाडून द्या. हरेश्वरने ड्रिल खाली ठेवून शांतपणे विचारलं, “तुमच्या लग्नाच्या फोटोला कुठं भोक पारलंय, तेवरं सांगा. तसंच पारतो.” गिऱ्हाईक गेलं. कीर्तिभाई दोन दिवस हरेश्वरशी बोलले नाहीत.

दुसरे एक गृहस्थ खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहतात. प्लेअर परदेशी, आणि त्याची वायर जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली लाकडाचे छोटे पाट. त्यांनी मला आवाज तपासायला घरी बोलावलं आणि काच फुटण्याचा आवाज असलेली एक रेकॉर्ड लावली. “डावीकडे फुटली ना?” मी म्हटलं, डावीकडे फुटली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा डावीकडेच फुटली. निघताना मी विचारलं की संगीत कुठलं ऐकता, तर ते गोंधळून म्हणाले, “हे काय, हेच.”

माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गठ्ठ्यांवर आम्ही बसायचो, गठ्ठ्यांवर अभ्यास करायचो. मी अक्षरंही त्यांवरच गिरवली. माझी वाक्यं अजूनही गेटवर उभं राहून बोलल्यासारखी येतात ती त्यामुळे. आणि त्या पत्रकांत ‘अमेरिका’ हा शब्द ‘धिक्कार’ या शब्दाशिवाय कधी एकटा यायचा नाही. त्यामुळे बागवे काकांनी जेव्हा पहिल्यांदा अमेरिकन सिंफनीची रेकॉर्ड काउंटरवर ठेवली, तेव्हा मी ती जरा लांबूनच उचलली.

बागवे काका मूळ रत्नागिरीकडचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनचे बिघाड शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन मीरा रोडला राहतात, पत्नी आहेत, मुलगी लग्न होऊन लांब गेली. ही रेकॉर्ड त्यांनी तरुणपणी फुटपाथवरच्या ढिगातून घेतली होती, ती का, तर वेष्टनावर लाकडी पुलाचं चित्र होतं आणि तो पूल अगदी त्यांच्या गावच्या साकवासारखा दिसत होता. घरी आणून लावली, तर ना गाणं, ना शब्द. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची लांब रचना. पहिल्यांदा त्यांना काही कळलं नाही. साकवापायी पुन्हा लावली. मग लावतच राहिले.

हॅस्केट कोण, हे त्यांनीच मला सांगितलं. नव्या विचारांच्या लोकांना तो जुनाट वाटला, जुन्या वळणाच्या लोकांना कोरडा वाटला, आणि दोघांनी मिळून त्याला मधल्या फटीत टाकून दिलं. त्याच्या देशातही त्याला फार कोणी वाजवत नाही. त्याचे वडील सफरचंदांच्या लाकडी पेट्या ठोकायचे. पोरगं भिंतीपलीकडे तो आवाज ऐकत झोपायचं. तिसऱ्या सिंफनीच्या संथ भागात सगळी तंतुवाद्यं एकच सूर फार हळू, फार वेळ धरून ठेवतात, आणि त्या सुराच्या आत एक वादक लाकडावर लाकूड वाजवतो. टक, टक. मग काही नाही. मग एकच. मग भराभर तीन-चार. त्याला ताल नाही. खिळा हातात घ्यायला, पेटी फिरवायला माणसाला जितका वेळ लागेल तितकं अंतर.

हे मला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. रेकॉर्ड उतरवायला बसले, ती टकटक आली, मला वाटलं धूळ. नियमाप्रमाणे सुई उचलली नाही. बाजू संपल्यावर रेकॉर्ड पुन्हा धुतली, पुन्हा लावली. टकटक तिथेच. काका काचेपलीकडून बघत होते. दार ढकलून आत आले आणि म्हणाले, “ते धुऊन जाणार नाही. ते त्याचे वडील आहेत.”

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं की मी अमेरिकन माणसाची सिंफनी ऐकली. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी म्हटलं, बाप पेट्या ठोकणारा होता. “रोजावर की कंत्राटावर?” मला माहीत नव्हतं. “तरी असू दे,” असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र वर घेतलं. एवढ्यावर आमच्या घरात हॅस्केटला मान्यता मिळाली.

काकांनी रेकॉर्ड उतरवायला आणण्याचं कारण वेगळं होतं. त्यांचा डावा कान गेला होता, आणि उजवा जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कानातलं मशीन मोबाइलला जोडता येतं, म्हणून आवाज मोबाइलवर हवा होता. पण त्यांना खरं जे हवं होतं ते मोबाइलवर मिळणारं नव्हतं. हॅस्केट त्यांनी आयुष्यभर एकट्याने ऐकला होता. रेकॉर्ड लावली की काकू भाजी आणायला जायच्या. ऑफिसात कोणाला सांगायची सोय नव्हती. ते मला एकदा म्हणाले, “लाइन चालू आहे की नाही, हे एका टोकाला बसून कधीच कळत नाही. आपण बोलत राहतो. पलीकडे कोणाला तरी फोन उचलावा लागतो.” त्यांना ती सिंफनी एकदा, कान शिल्लक आहे तोवर, चार माणसांबरोबर ऐकायची होती. बस, इतकंच.

इथे मंडळ येतं.

मीरा रोडला पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या रसिकांचं एक मंडळ आहे. एका मोठ्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये, वातानुकूलित हॉलमध्ये त्यांची दरमहा सभा भरते. अध्यक्ष डॉ. प्रधान, दातांचे डॉक्टर. गोरेगोमटे, मृदुभाषी, आणि कुठल्याही संगीतकाराचं नाव काढलं की डोळे अर्धे मिटून ‘महान’ किंवा ‘महान नव्हे’ असा निकाल देणारे. महान लोकांची त्यांची यादी युरोपातल्या त्याच मूठभर नावांवर संपते, ज्यांचे पुतळे चिनीमातीत मिळतात आणि जे प्रधानांच्या दवाखान्यात शोकेसमध्ये उभे आहेत. बागवे काका मंडळाचे जुने सभासद. खुर्च्या मांडायला लवकर यायचे. हॅस्केट ऐकूया, असं ते वर्षानुवर्षं सुचवत होते. एकदा महान माणसाची जयंती आली, एकदा दुसऱ्या महान माणसाची पुण्यतिथी आली, एकदा परगावच्या पाहुण्यांचं व्याख्यान आलं. एकदा तर काहीच आलं नाही, तेव्हा मंडळाने सहल काढली.

उजव्या कानाचं कळल्यावर मी काकांबरोबर प्रधानांच्या दवाखान्यात गेले. काका म्हणत होते की तू बोलू नकोस, तुझा आवाज चढतो. मी बोलले नाही. प्रधानांनी डोळे अर्धे मिटले.

“हॅस्केट. चांगला. पण महान नव्हे.”

“तुम्ही ऐकलाय?” हे मात्र मी विचारलं.

“त्याच्याविषयी वाचलंय,” डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या खुर्चीत तेव्हा एक पेशंट तोंड उघडं ठेवून पडला होता, नाहीतर मी आणखी बोलले असते.

अखेर रविवार ठरला. पूर्ण सिंफनी लावायची असं ठरलं. मी म्हटलं, मूळ रेकॉर्ड आणि चांगला प्लेअर आम्ही आणतो. डॉक्टरांनी हात हलवला. रेकॉर्डची खरखर आमच्या सभासदांना चालत नाही, पेनड्राइव्ह द्या, पुढचं मी बघतो. काकांनी मी उतरवलेली फाइल दिली. माझा विश्वास नव्हता. पत्रकांवर वाढलेल्या माणसाचा अध्यक्षांवर विश्वास नसतोच. मी कीर्तिभाईंकडून प्लेअर मागून घेतला, काकांकडून रेकॉर्ड घेतली आणि हरेश्वरला म्हटलं, रविवारी जरा हे उचलून आण.

“मना काय करायचंय थितं?”

“बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“ऐकायचं.”

“चा तरी हाय ना?” मी म्हटलं, बटाटेवडेही आहेत. तेव्हा तो तयार झाला.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. प्लेअर बघून डॉक्टरांनी, कोणी ओल्या चपला आत आणल्यासारखं तोंड केलं. हरेश्वरने तो मागे दाराजवळच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी बसला. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, काकूही बरोबर. या वेळी त्या भाजीला गेल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर मला त्यांना बघूनच बरं वाटलं होतं.

मग डॉक्टरांनी माइक घेतला. आजच्या कार्यक्रमाला चहापान देणाऱ्या बिल्डरांचा सत्कार होईल, त्यामुळे वेळेअभावी पूर्ण सिंफनीऐवजी फक्त संथ भाग ऐकवण्यात येईल. काकांनी वळून माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. सत्कार झाला. बिल्डर हॅस्केटविषयी चार शब्द बोलले आणि त्या चार शब्दांत त्यांनी त्याला दोनदा इंग्रज केलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की ध्वनिमुद्रण फार खराब अवस्थेत होतं, पण त्यांनी स्वतः रात्री बसून नव्या सॉफ्टवेअरने ते स्वच्छ केलं आहे.

स्वच्छ केलं, हा शब्द मी ओळखला. आमच्या धंद्यात ते सॉफ्टवेअर सगळ्यांना माहीत आहे. धुळीचा कण सुईखाली आला की ‘टक’ असा बारीक आवाज येतो. सॉफ्टवेअर तसे आवाज हुडकतं आणि काढून टाकतं. धुळीची टकटक कुठली आणि माणसाची कुठली, हे त्याला कळत नाही. ते त्याला सांगावं लागतं, आणि सांगायला आधी स्वतः ऐकावं लागतं.

संथ भाग सुरू झाला. तंतुवाद्यांनी सूर धरला. मी तो भाग इतक्यांदा ऐकला होता की टकटक कुठे येणार ते मला छातीतच कळतं. ती जागा आली. काही नाही. सूर नुसता पसरत राहिला, गुळगुळीत, धुतलेल्या फरशीसारखा.

मी काकांकडे बघितलं. त्यांचा हात कानाच्या मशीनवर गेला. त्यांनी आवाज वाढवला. मान थोडी वळवली, उजवा कान स्पीकरकडे केला. पुन्हा वाढवला. मशीन शिट्टी मारायला लागलं तेव्हा शेजारच्यांनी बघितलं, म्हणून त्यांनी ते कमी केलं. मग हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि तो भाग संपेपर्यंत उचलला नाही. फाइलमध्ये काही नसेल ही शंका त्यांना आलीच नाही. बिघाड आपल्याच टोकाला आहे असं त्यांनी धरलं.

टाळ्या झाल्या. मग मंडळाच्या प्रथेप्रमाणे रसग्रहण. एका गृहस्थांना हिमालय आठवला. एका बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या म्हणाल्या की मधली ती शांतता, ती निव्वळ शांतता, ती ऐकताना मला माझं शरीर जाणवेना. डॉक्टर म्हणाले, हॅस्केटला आज आपण थोडं वर सरकवायला हवं. महान नव्हे, पण महानतेच्या जवळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या हातून एका उपेक्षिताचा उद्धार झाला, हे समाधान हॉलभर दरवळत होतं, वड्यांच्या वासाबरोबर.

मग त्यांनी काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी बोलायची तयारी केली होती. साकवाची गोष्ट ते सांगणार होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मला आज मधलं ऐकू आलं नाही. कान गेला बहुतेक. पण तुम्हाला सगळ्यांना आलं ना?”

हॉलमधून आवाज आले, हो हो, आलं, अगदी स्पष्ट आलं.

“मग झालं,” काका म्हणाले आणि खाली बसले.

मी उठले. काकांनी सांगितलेलं मी त्या वेळी पाळू शकले नाही आणि त्याची मला खंत नाही. मी म्हटलं, काय आलं तुम्हाला? काय स्पष्ट आलं? तिथे एक माणूस पेट्या ठोकत असतो. तो यात नाही. तुमच्या अध्यक्षांनी त्याला खरखर समजून पुसून टाकलाय, आणि तुम्ही या माणसाच्या तोंडावर सांगताय की आलं. माझा आवाज चढला होता. गेटसभेचा होता तो, माइकची गरज नव्हती.

काकू घाबरून माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. ते उत्सुकतेने पुढे झुकले.

“म्हणजे ते क्लिक रचनेतले होते?”

“रेकॉर्डच्या वेष्टनावर मागे छापलंय.”

“मी वेष्टन नाही पाहिलं. एकेक टिपून काढले हो. दातांवरचं कीटण काढावं तसे.” मग डोळे अर्धे मिटून म्हणाले, “पण प्रामाणिकपणे सांगू का? नसल्याने काही बिघडलं नाही. उलट खुललं.”

आणि माना पुन्हा डोलल्या. हे मी विसरणार नाही. त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. वडिलांची सगळी पत्रकं त्याच भरवशावर लिहिलेली होती, की एकदा खरं सांगितलं की समोरच्याला लाज वाटते. बाप पेट्या ठोकून मेला, मुलाने त्या ठोक्यांना एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाच्या मधोमध बसवलं, आणि ते ठोके गेल्यावर हे लोक म्हणत होते की आता कसं स्वच्छ वाटतंय. कोणीतरी मागून म्हणालं, चहा निवतोय.

तोवर काका उभे राहिले होते. माझ्या बाहीला धरून त्यांनी विचारलं, “म्हणजे ते नव्हतंच?”

“नव्हतंच, काका.”

त्यांनी कानातलं मशीन काढलं, रुमालाने पुसलं, पुन्हा लावलं. चेहरा काही वेगळाच झाला होता. मग डॉक्टरांना म्हणाले, “आता असलेलं लावूया. तुम्ही चहा घ्या, हरकत नाही.”

बहुतेकांनी चहा घेतला. हॉल रिकामा झाला. डॉक्टर हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसून राहिले, तत्त्वासाठी. डोळ्यांत पाणी आलेल्या बाई थांबल्या, बहुधा संकोचाने. काकू होत्या. मी रेकॉर्डवरून मखमल फिरवली आणि संथ भागाच्या सुरुवातीला सुई ठेवली. हरेश्वरने हे संगीत आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. काचेच्या दाराबाहेर त्याचं आयुष्य गेलं होतं. मघाशी भाषणं सुरू झाली तशी तो बाहेर वड्यांकडे निघून गेला होता; आता त्याच्या हातात वड्याची बशी होती.

“यात गाना कवा चालू व्हनार?” त्याने मला हळूच विचारलं.

“गाणं नाही यात.”

“मंग तुमी कशाला भांडत व्हता?”

मी त्याला गप्प केलं. तंतुवाद्यांनी सूर धरला. खरखर होती, थोडी होती. रेकॉर्ड म्हातारी आहे. ती जागा जवळ येत होती. काका समोर बघत ताठ बसले होते, मशीनला हात न लावता. त्यांना ऐकू येईल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस माझ्यातही नव्हतं.

टक. टक.

हरेश्वरने खाणं थांबवलं. मग एकच टक. त्याने भिंतीकडे बघितलं, मग छताकडे. आमच्याकडे कुठल्याही संकुलात, कुठल्याही दिवशी, कोणाच्या तरी फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू असतंच. भराभर तीन-चार आले तेव्हा त्याने बशी खाली ठेवली, उठला, दार उघडलं आणि जिन्यात तोंड वर करून ओरडला, “ओ भाई, ठोकना बंद करो जरा. इधर बुजुर्ग आदमी सुन रहा है.”

डॉक्टरांनी वळून ‘शू’ केलं. काकाही वळले होते. हरेश्वर जिन्याकडे मान वर करून उत्तराची वाट बघत उभा होता, रेकॉर्ड चालू होती, आणि ठोकणारा थांबत नव्हता.

“उचलला,” काका काकूंना म्हणाले. “पलीकडून फोन उचलला.”